टेलेमॅकस : धनुष्य वाकत आलेलं असताना थांबलेला मुलगा

सुकाणू
रविवार, सकाळी ७:४०

प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ओडिसी या महाकाव्याच्या एकविसाव्या सर्गात पाच-सहा ओळींचा एक प्रसंग आहे. त्याच्यासाठी हा धागा काढतोय, कारण गेले दोन महिने तो माझ्या डोक्यातून जात नाहीये.

इथाका बेटावरचा वाडा. ओडिसियस ट्रॉयच्या युद्धावर गेला त्याला वीस वर्षं झाली. दहा युद्धात गेली, दहा परतीच्या वाटेवर. तो मेला असं धरून १०८ उमेदवार त्याच्या बायकोला, पेनेलोपीला, मागणी घालून वाड्यात ठाण मांडून बसलेत. त्याच्याच कळपातली जनावरं कापायची, त्याचाच द्राक्षासव प्यायचा, हे रोजचं. शेवटी पेनेलोपी पण लावते. जो माझ्या नवऱ्याच्या धनुष्याला दोरी चढवेल आणि ओळीने रोवलेल्या बारा कुऱ्हाडींमधून बाण आरपार काढेल, त्याच्याबरोबर मी जाईन.

धनुष्याला पहिला हात घालतो तो मात्र घरचा मुलगा, टेलेमॅकस. वय विशीचं. आधी तो कुऱ्हाडी रोवतो. एक लांब चर खणतो, दोरी धरून रेषा सरळ करतो, भोवतीची माती दाबून बसवतो. बघणारे थक्क होतात, कारण हे काम त्याने कधी पाहिलेलंसुद्धा नसतं. मग उंबरठ्यावर उभा राहून धनुष्य हातात घेतो. तीनदा ते थरथरवतो, तीनदा जोर अपुरा पडतो. चौथ्या वेळी त्याने दोरी चढवलीच असती, असं होमर स्वच्छ सांगतो. पण गुपचूप परतून भिकाऱ्याच्या वेषात तिथेच बसलेला बाप (तो कोण हे मुलाला ठाऊक आहे) मान हलवून 'नको' म्हणतो, आणि मुलगा थांबतो. वर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतो की मी पुढेही दुबळाच राहणार, नाहीतर मग अजून वयाने लहान आहे.

आता हे त्या मुलाच्या बाजूने बघा. ज्या लोकांनी त्याला पोरगा म्हणून हिणवलं, त्यांच्यासमोर स्वतःला सिद्ध करायची संधी अक्षरशः हातात आलेली आहे. हाताला कळलंय की आता जमतंय. त्या क्षणी तो हात सैल सोडतो आणि स्वतःच्या तोंडाने स्वतःला दुबळा म्हणवून घेतो. माझ्या मते हा मुलगा मोठा होतो तो इथे. पुढच्या सर्गात तो भाल्याने अँफिनोमसला मारतो तेव्हा नाही.

हे पटायला त्याची सुरुवात आठवायला हवी. काव्याचं नाव ओडिसी, पण पहिल्या चार सर्गांत ओडिसियस समोर येतच नाही. ते चारही सर्ग या मुलाचे आहेत. पहिल्यांदा तो दिसतो तेव्हा उमेदवारांच्या गर्दीत नुसता बसून आहे. बाप अचानक येईल आणि यांना पिटाळून लावेल, असं मनातल्या मनात चित्र रंगवतोय. तेवढ्यात दारात एक परका उभा दिसतो. ती वेष बदलून आलेली अथीना देवी असते. पाहुणा दारात ताटकळला याची लाज फक्त या मुलाला वाटते. तो धावत जातो, तिच्या हातातला भाला घेतो आणि खांबालगतच्या घोडीवर, जिथे बापाचे भाले ठेवलेले आहेत, तिथे नीट टेकवून ठेवतो. संस्कार आहेत, माया आहे, पण स्वतःवर भरवसा नाही. ती विचारते, तू ओडिसियसचाच मुलगा ना? तर म्हणतो, आई तसं सांगते, मला स्वतःला माहीत नाही. आपला बाप कोण हे कुणाला स्वतःहून कळतं का?

दुसऱ्या सर्गात तो गावाची सभा बोलावतो. ओडिसियस गेल्यापासूनची पहिली सभा. बापाच्या आसनावर जाऊन बसतो, म्हातारे त्याला जागा करून देतात. चांगलं बोलतो. आणि बोलता बोलता हातातला राजदंड जमिनीवर आपटून रडायला लागतो. लोकांना कीव येते, पण कीव आल्याने एकही उमेदवार उठून घरी जात नाही. राजदंड आपटणारा हात आणि धनुष्य सैल सोडणारा हात एकाच मुलाचे आहेत. मधल्या अठरा सर्गांत काय घडलं, ते तुमच्याशी बोलायचंय.

तांबडफुटी
रविवार, सकाळी ९:१५

फार सुंदर लिहिलंय. राजदंड ते धनुष्य ही जोडी मी कधी लावून बघितली नव्हती.

पण माझं मत बाविसाव्या सर्गातल्या दाराला. ओडिसियस स्वतःला उघड करून उमेदवारांवर तुटून पडतो. ती लढाई सुरू झाल्यावर टेलेमॅकस कोठीतून शस्त्रं आणायला धावतो: चार ढाली, आठ भाले, चार शिरस्त्राणं. घाईत कोठीचं दार उघडं राहतं. ते शेळ्या राखणाऱ्या मेलांथियसच्या लक्षात येतं आणि तो उमेदवारांसाठी बारा ढाली, बारा भाले, बारा शिरस्त्राणं बाहेर काढतो. ओडिसियसच्या पायातलं बळ जातं. तो म्हणतो, घरातल्या कुणा बाईने नाहीतर मेलांथियसने दगा दिला. तेव्हा टेलेमॅकस म्हणतो, बाबा, चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही, दार मी उघडं टाकलं.

समोर मरण उभं आहे, आळ दुसऱ्यावर जातोय, आणि खरं काय ते सांगायला हा क्षणही लावत नाही. बापही एका शब्दाने रागावत नाही. मला तर इथेच तो पूर्ण वाढलेला माणूस दिसतो.

ओवी
रविवार, सकाळी ११:०२

वाचतेय. विषय जवळचा आहे, घरात सतरा वर्षांचा मुलगा आहे.

सुकाणू, तुम्ही पहिल्या सर्गातली एक गोष्ट सोडलीत, ती मला सोडवत नाही. भाट फेमियस ट्रॉयहून परतणाऱ्यांच्या हालांचं गाणं गात असतो. पेनेलोपी जिन्यावरून खाली येते, डोळ्यांत पाणी, आणि म्हणते, हे नको, दुसरं काहीतरी म्हण. तेव्हा हाच संस्कारी मुलगा सगळ्यांदेखत आईला सांगतो, तू तुझ्या खोलीत जा, माग आणि चाती सांभाळ, बोलणं हे पुरुषांचं काम आहे, त्यातही माझं, कारण या घरातली सत्ता माझी. ती अवाक होऊन वर जाते आणि झोप लागेपर्यंत नवऱ्यासाठी रडते.

म्हणजे मोठं होण्याचं पहिलं पाऊल आईच्या अंगावरून टाकायचं? बाहेरच्या १०८ जणांपुढे आवाज फुटत नाही, म्हणून घरातल्या ज्या एका माणसापुढे फुटतो तिथे तो वापरायचा. माझ्या मुलाने मागच्या दिवाळीत पाहुण्यांसमोर 'आई, तुला यातलं कळत नाही, तू आत जा' असं म्हटलं होतं. चकल्यांचा झारा हातात होता, तो तसाच घेऊन मी आत गेले. पेनेलोपी जिना चढताना कशी दिसत असेल ते मला पुस्तकात बघावं लागत नाही.

नेकारकाठ
रविवार, दुपारी २:३०

ओवीताई, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ थांबलो होतो.

मी इथे जर्मनीत दोन वर्षं प्राचीन ग्रीक शिकलो, त्यामुळे मूळ शब्दांबद्दल थोडं सांगतो. तुम्ही म्हणता त्या ओळीत 'मुथॉस' हा शब्द आहे, म्हणजे अधिकाराने, चारचौघांत केलेलं बोलणं. हाच साचा होमरच्याच इलियडच्या, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या काव्याच्या, सहाव्या सर्गात येतो. तिथे ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर बायकोला, अँड्रोमाखीला सांगतो की तू घरी जा, माग आणि चाती बघ, 'युद्ध' पुरुष बघतील. पण तो रणांगणावर जाताना, पुन्हा भेट होईल की नाही ठाऊक नसताना, तिला कुरवाळत बोलतो. टेलेमॅकसने एका योद्ध्याचं वाक्य उचललंय आणि युद्धाच्या जागी 'बोलणं' घातलंय. बापाचे कपडे घालून बघणाऱ्या मुलासारखं ते त्याच्या अंगावर ढगळ होतं. अलेक्झांड्रियाचा प्राचीन पंडित अरिस्टार्कस यालाही या ओळी इथे खटकल्या होत्या आणि त्या मूळच्या नसाव्यात असं तो मानत असे.

आता गंमत बघा, हेच वाक्य एकविसाव्या सर्गात तिसऱ्यांदा येतं. भिकाऱ्याला धनुष्य द्यावं की नाही यावर वाद चालू असतो, आणि टेलेमॅकस आईला पुन्हा वर पाठवतो. या वेळी शब्द असतो 'धनुष्य'. शब्द तितकेच कठोर आहेत, पण आता पाच-दहा मिनिटांत त्या दालनात रक्ताचा सडा पडणार हे त्याला ठाऊक आहे. आईला तिथून काढणं गरजेचं आहे आणि कारण सांगता येत नाही. तिला तोच मुलगा, तोच उद्धटपणा दिसतो. आपल्याला आत काय आहे तेही दिसतं. पहिल्या सर्गातला घाव याने भरून निघत नाही, हे मात्र मान्य.

आणि एक. टेलेमॅकस बोलायला लागला की होमर त्याला बहुतेक वेळा 'पेप्नुमेनॉस' म्हणतो, म्हणजे जाणता, विचारी. रडतानाचा, चुकतानाचा टेलेमॅकसही त्यातून सुटत नाही. होमरकडे ही विशेषणं ठरलेली असतात, पात्राला चिकटूनच येतात. तरी मला नेहमी वाटतं, हे विशेषण त्याला आधी मिळालंय आणि तो त्याच्यापर्यंत हळूहळू पोचतोय.

सोनचाफा
रविवार, सायंकाळी ६:४८

मधल्या सर्गांबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. मला तो प्रवासातला टेलेमॅकस सगळ्यांत जास्त आवडतो.

रात्री तो गुपचूप निघतो. दाई युरिक्लियाला शपथ घालतो की अकरा-बारा दिवस तरी आईला सांगू नकोस, रडून रडून तिचा चेहरा उतरेल. गलबत उसनं, वीस वल्हेकरी, बरोबर अथीना, या वेळी बापाचा मित्र मेंटॉर याच्या रूपात. (आपण ऑफिसात ज्याला मेंटॉर म्हणतो तो शब्द इथला. पण त्याचा असा वापर रूढ झाला तो १६९९ मध्ये फ्रान्समधल्या फेनेलाँने टेलेमॅकसवर कादंबरी लिहिल्यानंतर. होमरचा खरा मेंटॉर फारसं काही करतच नाही, त्याचं रूप घेऊन देवीच सगळं करते.)

पायलॉसला पोचतात तर किनाऱ्यावर तिथला म्हातारा राजा नेस्टर याचे लोक समुद्रदेव पोसायडनला काळे बैल अर्पण करतायत. नऊ रांगा, रांगेत पाचशे माणसं, रांगेमागे नऊ बैल. आणि हा गलबतातून उतरायलाच बिचकतो! म्हणतो, मी त्यांच्यासमोर जाऊ कसा, बोलू काय, वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारायची तरुण माणसाला लाज वाटते. देवी म्हणते, काही तुझं तुला सुचेल, काही देव सुचवेल. मुलाखतीला निघालेल्या कुठल्याही मुलामुलीला मी हेच वाक्य देईन.

तिथे नेस्टरचा मुलगा पिसिस्ट्रॅटस भेटतो. बरोबरीचा मित्र! या मुलाला आजवर शत्रू होते, नोकर होते, आई होती. मित्र दिसलाच नव्हता. दोघं रथातून स्पार्टाला जातात. तिथला राजा मेनेलाउस याचा महाल बघून टेलेमॅकस मित्राच्या कानाशी लागून कुजबुजतो, बघ रे, सोनं, चांदी, हस्तिदंत, झ्यूसचं घर आतून असंच असेल. आणि थोड्याच वेळात मेनेलाउस सहज ओडिसियसची आठवण काढतो, तेव्हा हा जांभळा अंगरखा दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरून रडतो. सभेत राजदंड आपटून रडला होता, इथे तोंड झाकून रडतो. सुकाणूंच्या यादीत ही मधली पायरी धरा.

मग निरोपाच्या वेळी मेनेलाउस त्याला तीन घोडे आणि रथ देऊ करतो. तो नाही म्हणतो. आमच्या इथाकात घोडे पळवायला माळ नाही, कुरण नाही, ती शेळ्यांची जागा आहे, तरी मला ती घोड्यांच्या मुलखाहून प्रिय आहे. राजाला नकार, तोही इतक्या गोडीने, आणि आपल्या खडकाळ बेटाची लाज न बाळगता. मेनेलाउस हसून त्याला कुरवाळतो, म्हणतो, रक्त चांगलं आहे तुझं.

अजून_एक_वाचक
सोमवार, रात्री १२:२०

सगळं आवडलं, पण तुम्ही सगळेच एका गोष्टीला वळसा घालून जाताय. बाविसाव्या सर्गाचा शेवट.

उमेदवार मेल्यावर ज्या बारा दासी त्यांच्याबरोबर झोपत होत्या, त्यांना बोलावलं जातं. आधी त्यांच्याकडूनच प्रेतं बाहेर काढून घेतात आणि मेजं-खुर्च्या पाण्याने, स्पंजाने पुसून घेतात. ओडिसियसचा हुकूम तलवारीने मारण्याचा असतो. तो बदलतो टेलेमॅकस. म्हणतो, ज्यांनी माझ्या आणि माझ्या आईच्या तोंडाला काळं फासलं त्यांना मी स्वच्छ मरण देणार नाही. गलबताचा दोर खांबाला बांधतो आणि त्यांना ओळीने फास लावतो. जाळ्यात अडकलेल्या पाखरांसारख्या त्या लटकतात, पाय थोडा वेळ हलतात, फार वेळ नाही. हे शेवटचं होमरनेच लिहिलंय.

त्या गुलाम होत्या. उमेदवारांना नाही म्हणायची त्यांना कितपत मुभा होती? बापाने सांगितल्यापेक्षा जास्त क्रूर होण्याचा हा निर्णय या मुलाने पूर्णपणे स्वतःहून घेतलाय. धनुष्यापाशी थांबलेला हात इथे का थांबला नाही? त्याचं मोठं होणं मोजायचं तर हेही मोजायला लागेल.

तांबडफुटी
सोमवार, सकाळी ८:०५

खरं आहे. आणि त्याच सर्गात, त्याच्या थोडंच आधी, हाच मुलगा भाट फेमियसला आणि दवंडीवाल्या मेडॉनला वाचवतो. हा निर्दोष आहे, याला मारू नका, मेडॉनने मला लहानपणी सांभाळलंय, असं बापाला सांगतो. मेडॉन खुर्चीखाली बैलाचं ताजं कातडं पांघरून लपलेला असतो, तो बाहेर येऊन त्याचे गुडघे धरतो. दया करायची कुणावर, हे त्याला कळतं. दासींपर्यंत ती दया पोचत नाही.

सुकाणू
सोमवार, सकाळी १०:३०

प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. अजून_एक_वाचक, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही आणि मी ओढूनताणून देणारही नाही. 'त्या काळी असंच होतं' म्हणून सुटता येत नाही, कारण तलवारीचा पर्याय त्या काळातल्याच माणसाने समोर ठेवला होता. माझा अंदाज इतकाच की वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला अपमान, ज्यांच्यावर काढता येईल अशा सगळ्यांत दुबळ्या लोकांवर निघाला. ओवींनी पहिल्या सर्गाबद्दल जे म्हटलं तेच इथे दोरासकट दिसतं. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये हे यायला हवं होतं. मला तो आवडतो म्हणून मी ते गाळलं, हे चुकलंच.

तरी धनुष्याचा क्षण मला सोडवत नाही. दुसऱ्या सर्गात अथीना त्याला सांगते, फार थोडे मुलगे बापाच्या बरोबरीचे निघतात, बहुतेक उणेच, एखादाच सरस. चौथ्या वेळी धनुष्य वाकत असताना तो बरोबरीला पोचलाय. ते फक्त दोघांना कळलंय, त्याला आणि बापाला. तिसऱ्या कुणाला कळायची गरज त्याला तेव्हा वाटत नाही.

ओवी
सोमवार, रात्री ९:१०

सुकाणू, एक विचारू? दोन महिने डोक्यातून जात नाही म्हणालात. नुसत्या वाचनाने असं होत नाही.

काल मुलाला तो जिन्याचा प्रसंग वाचून दाखवला, काही न बोलता. त्याने ऐकलं. मग म्हणाला, नंतर तो आईला सॉरी म्हणतो का? मी म्हटलं, नाही, तेविसाव्या सर्गात उलट तुझं काळीज दगडाहून कठीण म्हणतो. तो उठून गेला. रात्री झोपताना दार लोटून परत आला आणि म्हणाला, दिवाळीचं मला आठवतंय.

सुकाणू
मंगळवार, सकाळी ६:५५

ओवी, तुमच्या मुलाचं ऐकून फार बरं वाटलं.

विचारलंत म्हणून सांगतो. माझे वडील बोटीवर खलाशी होते. नऊ-दहा महिने बोटीवर, दोन-तीन महिने घरी. आमच्या कोकणात आमच्यासारखी घरं पुष्कळ. ओटीवर शिसवी झोपाळा होता, तो वडलांचा. ते नसताना मी त्यावर बसूनच सगळा कारभार बघायचो. वाण्याचं खातं, कलमांची फवारणी, गड्यांचे पैसे, बाकावर ठेवलेल्या शंभर पानी वहीत सगळं लिहिलेलं. एकोणीस वर्षांचा होतो. दोन महिन्यांपूर्वी वडील गेले. घर आवरताना ती वही सापडली, आणि त्याच आठवड्यात मी सोळावा सर्ग वाचत होतो.

त्या सर्गात टेलेमॅकस प्रवासाहून थेट डुकरं राखणाऱ्या युमेअसच्या झोपडीवर येतो. कुत्री भुंकत नाहीत, शेपट्या हलवतात. युमेअसच्या हातातली भांडी गळून पडतात. आत एक म्हातारा भिकारी बसलेला असतो, तो उठून तरुण मालकाला आपली जागा देऊ करतो. तो ओडिसियस आहे. वीस वर्षांनी मुलाला बघतोय आणि बोलू शकत नाही. मुलगा म्हणतो, बसा पाहुणे, बसा, आम्ही दुसरीकडे जागा करून घेऊ. युमेअस हिरव्या फांद्या पसरून त्यावर मेंढीचं कातडं घालतो, आणि मुलगा तिथे बसतो. सभेत बापाच्या आसनावर बसलेला हा मुलगा आता बापाला न ओळखता त्याची जागा त्यालाच परत देतो.

त्या वर्षी वडील कळवल्यापेक्षा चार दिवस आधी आले होते. दुपारची वेळ. मी झोपाळ्यावर वही घेऊन बसलेला, समोर गड्यांचा हिशेब चाललेला. ते बॅग घेऊन पायरीशी उभे. मी गडबडून उठलो. ते म्हणाले, बस, हिशेब पुरा कर. आणि चपला काढून पायरीवरच टेकले, गड्यांच्या शेजारी. मी उरलेले पैसे मोजून दिले, तोवर एक शब्द बोलले नाहीत. माणसं गेल्यावर त्यांनी वही मागितली, दोन पानं वाचली आणि विचारलं, औषध या वर्षी महाग झालं का रे?